सुभेदार, संकलक आणि ‘द हर्ट लॉकर’

बगदादचा रस्ता. चाकांवरचा छोटा रोबो खडखडत पुढे जातो आणि कचऱ्याखाली दडवलेला तोफगोळा त्याच्या कॅमेऱ्यात दिसतो. छोट्या गाड्यावर स्फोटकं लादायची, रोबोनं तो ओढत बॉम्बपाशी न्यायचा आणि सगळ्याचा लांबूनच निकाल लावायचा, असा बेत असतो. वाटेत गाड्याचं चाक निखळतं. मग सार्जंट थॉम्पसन जाडजूड सूट चढवून चालत निघतो. काम उरकून तो मागे फिरतो, तेवढ्यात खाटकाच्या दुकानाशी उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातात मोबाइल दिसतो. साथीदार ओरडतात, थॉम्पसन पळत सुटतो आणि जमीन उसळते. खडी हवेत उडते, भंगार मोटारीवरचा गंज थरथरून सुटा होतो. सिनेमा जेमतेम सुरू झालेला असतो आणि गाय पिअर्ससारखा नावाजलेला नट पडद्यावरून कायमचा गेलेला असतो.

कॅथरिन बिगलो यांच्या ‘द हर्ट लॉकर’ची ही सुरुवात पाहिल्यावर पुण्यातल्या एका घरात मामा आणि भाची यांची जुंपली. मामा बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेले सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. भाची चित्रपट-संकलक, स्वतःचं काम सांभाळून ती संकलन शिकवतेही. हा सिनेमा तिला विद्यार्थ्यांना दाखवायचा होता. ज्यांनी आयुष्यभर सुरुंग हाताळले त्यांना आधी तो कसा वाटतो ते कळावं, म्हणून तिनं मामांना शेजारी बसवलं होतं.

“इथवर ठीक आहे,” मामा म्हणाले. “आधी यंत्र पाठवलं. यंत्र अडलं म्हणून माणूस गेला. बाकीचे बंदुका रोखून चहूकडं बघतायत. काम असंच चालतं. पण त्याच्या जागी जो आला ना, त्यानं सगळी शिस्त धुळीला मिळवली.”

“तोच तर सिनेमाचा विषय आहे, मामा.”

“विषय असेल. पण तू मला सांगितलंस की हा वास्तववादी सिनेमा आहे.”

थॉम्पसनच्या जागी येतो सार्जंट विल्यम जेम्स. ही भूमिका जेरेमी रेनरची. पहिल्याच कामगिरीत तो धुराची नळकांडी फेकतो, त्यामुळे त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या पथकातल्या सॅनबॉर्नलाच तो दिसेनासा होतो. पुढे वाळूतली एक तार ओढतो, तर भोवती एकमेकांना जोडलेल्या तोफगोळ्यांचं आख्खं जाळं वर येतं. सिनेमाच्या जाहिरातींत गाजलेलं चित्र ते हेच.

“त्या काळात इराकमध्ये टॅलॉन, पॅकबॉट असे रोबो अमेरिकन पथकांकडं होते,” मामा म्हणाले. “पाण्याच्या झोतानं बॉम्बची जोडणी फोडणारी यंत्रं होती, मोबाइलचे संदेश अडवणारे जॅमर होते. हात लावायची पाळी सगळ्यात शेवटी येते. आणि हा गडी दरवेळी चिमटा घेऊन थेट बॉम्बवर जाऊन बसतो! संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोरच्या त्या मोटारीचंच बघ. इमारत रिकामी केलेली आहे. मग ती सीट फाडत, बॉनेट उघडत कशाला बसायचं? लांबून उडवून दे की ती गाडी.”

ही तक्रार एकट्या मामांची नाही. २०१० च्या ऑस्करच्या तोंडावर अनेक अमेरिकन माजी सैनिकांनी ती जाहीरपणे केली होती. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्यांच्या संघटनेचे संस्थापक पॉल रिकॉफ यांनी ‘न्यूजवीक’मध्ये सिनेमावर टीका केली. तीन माणसांचं पथक एकटंच गाडीतून शहरभर फिरत नाही, बॉम्बवाले वाळवंटात दूर पल्ल्याच्या नेमबाजीत उतरत नाहीत, रात्री तळावरून निसटून एकट्यानं बगदादच्या गल्ल्यांत शिरणं अशक्य आहे, असे अनेक आक्षेप तेव्हा घेतले गेले. गणवेशसुद्धा सुटला नाही. कथा २००४ मधली आणि पात्रांच्या अंगावर २००५ पासून वापरात आलेले कपडे.

भाचीनं यातलं काहीच नाकारलं नाही. तिचा मुद्दा वेगळा होता.

“पटकथा लिहिणारे मार्क बोल पत्रकार आहेत. २००४ मध्ये ते बगदादमध्ये अशाच एका पथकाबरोबर राहिले आणि त्यावर त्यांनी लेख लिहिला. तिथून हा सिनेमा आला. छायालेखक बॅरी अ‍ॅकरॉइड केन लोच यांच्याबरोबर काम केलेले, माहितीपटाची नजर असलेले. चित्रीकरण जॉर्डनमध्ये, २००७ च्या भर उन्हाळ्यात. सुपर १६ मिलिमीटरचे हलके कॅमेरे, तीन-चार एकदम चालू. नटाला कोणता कॅमेरा आपल्यावर आहे हे कळूच नये. जवळजवळ दोनशे तासांचं चित्रण जमलं आणि बॉब मुरावस्की आणि ख्रिस इनिस यांनी त्यातून दोन तास अकरा मिनिटं काढली. मी याच धंद्यात आहे, मामा. त्या ढिगाऱ्यातून इतकं स्वच्छ काही काढणं काय असतं ते मला ठाऊक आहे.”

“त्यानं काम खरं होतं का?”

“वेळ खरा होतो. नेहमीच्या सिनेमात बॉम्बवर लाल आकडे उलटे पळत असतात आणि शेवटच्या सेकंदाला तार कापली जाते. इथं बहुतेक प्रसंगांत घड्याळच नाही. धोका केव्हा येणार हे कुणालाच माहीत नाही. एक माणूस गच्चीवर उभा राहून व्हिडिओ काढतोय, मिनारावर तिघं उभे आहेत. ते नुसते बघतायत की कुणाला खूण करतायत? तो संशय मी प्रेक्षक म्हणून सॅनबॉर्नबरोबर भोगते. रोबो कधी वापरतात हे माहितीपुस्तिकेतसुद्धा वाचता येईल, पण हा ताण मला दुसरीकडं कुठं मिळणार?”

मामा थोडे थांबले. मग त्यांनी सूटचा विषय काढला. रेनरच्या अंगावर खराखुरा सूट होता, पस्तीस-चाळीस किलोंचा. त्या उन्हात तो घालून चालणं म्हणजे काय, हे सिनेमात नेमकं आलंय, असं त्यांनी मान्य केलं. हेल्मेटच्या आत फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो, तेही बरोबर आहे. “आणि हात उघडे. लोकांना वाटतं सूट घातला म्हणजे सगळं अंग झाकलं. बोटांनी काम करायचं असतं, त्यामुळं हात मोकळेच ठेवावे लागतात. एवढं त्यांनी नीट पाहिलंय.”

पण त्याच मोटारीच्या प्रसंगात जेम्स सूट काढून टाकतो. मरायचंच असेल तर सुखानं मरू, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. आणि नंतर कानावरचा हेडसेटही काढून फेकतो. मामांचा खरा राग इथं होता.

“सूट काढला, ते मी एक वेळ समजू शकतो. एवढा मोठा साठा समोर असेल तर सूट काही वाचवणार नाही. पण हेडसेट? अगं, तो काय स्वतःच्या सोयीसाठी असतो? बॉम्बवर बसलेला माणूस काय करतोय ते मोठ्यानं बोलत असतो. आता झाकण काढतोय, आता डावीकडची तार दिसते, आता हिला हात लावतो. मागं कुणीतरी ते ऐकतं. बोलणारा गेला, तर पुढच्या माणसाला कळायला हवं की कुठल्या पायरीवर गेला. यानं कान बंद केला म्हणजे पुढच्याचा रस्ता बंद केला.”

या मुद्द्यामागे इतिहास आहे. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाला, तेव्हा न फुटलेले जर्मन बॉम्ब निकामी करणाऱ्यांत सफोकचा अर्ल चार्ल्स हॉवर्ड हा उमराव होता. त्याची सचिव आयलीन बेरिल मॉर्डन त्याच्या कामाच्या नोंदी टिपून घेई. कोणता भाग कसा सोडवला, काय अडलं, सगळं कागदावर. १२ मे १९४१ रोजी एरिथच्या दलदलीजवळ एका बॉम्बचा स्फोट झाला. त्यात अर्ल, मॉर्डन आणि त्यांचा वाहनचालक फ्रेड हार्ड्स हे तिघंही गेले. जर्मन फ्यूजमध्ये बदल होत होते, काढणाऱ्यालाच मारतील असे सापळे आत बसवले जात होते, आणि दर बदलाची माहिती कुणीतरी जीव देऊन मिळवत होतं. ती लिहून ठेवली गेली तरच तिचा उपयोग होता.

भाचीला यावरून एक जुना सिनेमा आठवला. मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांचा १९४९ चा ‘द स्मॉल बॅक रूम’. त्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या खड्यांत सापडलेला एक नव्या तऱ्हेचा बॉम्ब आहे. तो उघडताना एक अधिकारी मेला आहे. पण प्रत्येक पाऊल तो फोनवरून सांगत होता आणि एका तरुण सैनिक-लिपिक मुलीनं ते उतरवून घेतलंय. नायक त्या किनाऱ्यावर येतो, तेव्हा ती मुलगी मेलेल्या माणसाचे शब्द त्याला वाचून दाखवते. मग तो कामाला लागतो.

“हा सिनेमा मला दाखव,” मामा लगेच म्हणाले. “त्या माणसाला धंदा कळला होता.”

“पण ‘हर्ट लॉकर’लाही कळलाय,” भाची म्हणाली. “जेम्स परत येतो तेव्हा सॅनबॉर्न काय करतो? सरळ ठोसा मारतो. पुन्हा कधी हेडसेट काढू नकोस म्हणून बजावतो. नंतर वाळवंटात जेम्स हातमोजे आणायला स्फोटाच्या जागी परत जातो, तेव्हा सॅनबॉर्नच्या हातात स्फोटाची कळ असते आणि तो पथकातल्या तिसऱ्याशी, एल्ड्रिजशी बोलता बोलता अपघाताचा विचार करतो. बेफिकीर म्होरक्या मिळाला की त्याचीच माणसं त्याला उडवायचा विचार करू लागतात. याहून कडक टीका कुठल्या पुस्तिकेत सापडेल?”

“आणि तो कर्नल?”

“तो पाठ थोपटतो. किती बॉम्ब निकामी केलेस म्हणून विचारतो. आकडा येतो ८७३.”

“बघ!”

“मामा, सिनेमा कर्नलच्या बाजूनं नाही. तो कर्नल आपल्याला आवडावा असा दाखवलेलाच नाही. बढाईखोर माणसाला वरून शाबासकी मिळते आणि खालच्यांना त्याची किंमत मोजावी लागते, हे दाखवलंय. शेवटी एल्ड्रिजची मांडी कुणामुळं फुटते? जेम्सच्या हौसेमुळं. तो स्ट्रेचरवरून शिव्या घालत जातो.”

मामांना हे अर्धंच पटलं. त्यांचं म्हणणं असं, की कथेत काहीही सांगितलं असलं तरी पडद्यावर देखणा कोण दिसतो हे महत्त्वाचं. अठरा-वीस वर्षांचं पोर सिनेमा बघून बाहेर पडेल, त्याला ठोसा लक्षात राहील की धुरातून निघालेला जेम्स? “आमच्याकडं नवीन पोरं यायची. त्यांच्या अंगातली ही मर्दुमकी उतरवायला सहा-सहा महिने लागायचे. २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी सीमेवर सुरुंग पेरले, नंतर तेच उकरून काढायचे होते. राजस्थानात वारा वाळू हलवतो. नकाशावर सुरुंग एकीकडं, जमिनीत दुसरीकडं. पुष्कळ जवान जखमी झाले त्या कामात, काही गेले. तिथं वाचले ते कंटाळा न करता इंच इंच टोचत पुढं सरकणारे. असल्या माणसावर सिनेमा कोण काढणार? बघायला काहीच नाही त्यात.”

“काढलाय,” भाची म्हणाली. आणि तिनं मार्टिन झांडफ्लिएट यांच्या २०१५ च्या डॅनिश सिनेमाचं नाव घेतलं, जगभर ‘लँड ऑफ माइन’ म्हणून दाखवला गेलेला. १९४५ मध्ये जर्मनीनं शरणागती पत्करल्यावर डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर दहा लाखांहून अधिक सुरुंग उरले होते. ते काढायला दोन हजारांवर जर्मन युद्धकैद्यांना जुंपलं गेलं आणि त्यांतले पुष्कळ जण मेले किंवा जायबंदी झाले. सिनेमात मिसरूड न फुटलेली मुलं पोटावर सरकत वाळूत सळई खुपसत जातात. मोजतात, नोंदतात, पुन्हा सरकतात. ताण तिथंही आहे, आणि शौर्याचा झगमगाट अजिबात नाही.

“आणि तिथं शत्रूला चेहरा आहे,” मामा म्हणाले.

आता बचाव करण्याची पाळी भाचीवर होती आणि तिनं तो फारसा केला नाही. ‘हर्ट लॉकर’मधले इराकी लोक गच्चीवरून, खिडकीतून, दुकानातून बघत राहतात. डीव्हीडी विकणारा, फुटबॉलवेडा एक मुलगा आहे. जेम्स त्याला बेकहॅम म्हणतो. पुढे पोटात स्फोटकं भरलेलं एका मुलाचं प्रेत सापडतं, ते बेकहॅमचंच अशी जेम्सची खात्री पटते आणि तो सूडाच्या शोधात निघतो. नंतर बेकहॅम जिवंत, नेहमीसारखा हाक मारत समोर येतो आणि जेम्स त्याच्याकडे न बघता निघून जातो. “एका मुलाचा चेहरासुद्धा त्याला नीट ओळखता येत नाही, हे लेखकाला दाखवायचं आहे, ते मी समजते,” ती म्हणाली. “पण मग प्रेत झालेला मुलगा कोण होता? सिनेमा विचारतसुद्धा नाही. शेवटी शेवटी अंगावर कुलपं लावून बॉम्ब बांधलेला माणूस येतो, बायका-मुलं आहेत म्हणून गयावया करतो. ती भूमिका एका इराकी नटानं केलीय आणि काळीज हलवणारी केलीय. पण तोही मिनिटभराचाच.”

मामांनी इथं अनपेक्षितपणे सिनेमाची बाजू घेतली. “सैनिकाची नजर तशीच होते, पोरी. ते चांगलं नाही, पण होतं. २०१९ च्या महाराष्ट्रदिनी आपल्या गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ भूसुरुंग फुटला. पंधरा पोलीस जवान आणि गाडीचा चालक गेले. त्यानंतर त्या रस्त्यानं जाणारा जवान मोरीवर बसलेल्या माणसाकडं कसा बघेल? माणूस बिचारा बिडी ओढत बसलेला असेल. आणि प्रेताचं म्हणशील, तर पठाणकोट आठव. जानेवारी २०१६. लेफ्टनंट कर्नल निरंजन, एनएसजीच्या बॉम्बनाशक पथकातले. मेलेल्या अतिरेक्याचा देह तपासताना त्यावरच्या ग्रेनेडचा स्फोट झाला आणि ते गेले. जेम्स त्या पोराच्या देहाशी थबकतो, तो लांबून उडवून द्यायचं सोडून हातानं स्फोटकं काढतो आणि देह उचलून आणतो. नियमात ते बसत नाही. पण त्या एका ठिकाणी मला त्याचा राग आला नाही.”

मग बोलणं सिनेमावरच्या खटल्याकडे वळलं. ज्या पथकाबरोबर बोल राहिले होते, त्यातले सार्जंट जेफ्री सार्व्हर यांनी ऑस्करच्या काही दिवस आधी दावा ठोकला: जेम्स म्हणजे मीच, माझी परवानगी घेतली नाही आणि मला वाईट बाप, बेपर्वा सैनिक म्हणून रंगवलं. निर्मात्यांनी पात्र काल्पनिक असल्याचं सांगितलं. खालच्या न्यायालयात दावा टिकला नाही आणि २०१६ मध्ये अपील न्यायालयानंही तो फेटाळला. खऱ्या आयुष्यातून कथा घडवण्याचं स्वातंत्र्य अमेरिकन राज्यघटनेनं दिलं आहे, असा त्या निकालाचा आशय. भाचीला निकाल मान्य होता. मामांना कायद्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्यांना एवढंच बोचत होतं, की ज्याच्याकडून कामाचे बारकावे शिकून घेतले, त्यालाच परक्यासारखं न्यायालयात उभं राहावं लागलं.

ऑस्करचा गाजावाजा त्यांनी दोन वाक्यांत संपवला. नऊ नामांकनं, सहा पुरस्कार, सर्वोत्कृष्ट चित्रपटासह. दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळवणाऱ्या बिगलो पहिल्या स्त्री. सुमारे दीड कोटी डॉलरमध्ये बनलेल्या सिनेमानं ‘अवतार’ला मागं टाकलं, याचा भाचीला आजही आनंद होतो.

रेंगाळले ते घरी परतलेल्या जेम्सपाशी. सुपरमार्केटमध्ये बायको त्याला न्याहारीचं सीरियल आणायला सांगते. छतापर्यंत खोकी रचलेल्या त्या बोळात तो उभा राहतो आणि शेवटी हाताला येईल तो डबा उचलून गाडीत टाकतो. मग छपराची पन्हळ साफ करतो, भाजी चिरतो, तान्ह्या बाळाशी बोलतो. आणि पुढच्याच दृश्यात सूट घालून पुन्हा इराकच्या रस्त्यावर चालत असतो, आणखी ३६५ दिवसांसाठी.

“हे शंभर टक्के खरं,” मामा म्हणाले.

भाचीनं सिनेमाच्या आरंभी येणाऱ्या पाटीची आठवण करून दिली. युद्धवार्ताहर क्रिस हेजेस यांच्या २००२ च्या पुस्तकातून घेतलेली ती ओळ युद्धाला नशेची उपमा देते. सुपरमार्केटचा प्रसंग त्याच पाटीचं उत्तर आहे, असं ती वर्गात शिकवत आली होती.

“नशा नाही,” मामा ठामपणे म्हणाले. “ज्यानं हे लिहिलं त्यानं युद्ध पाहिलं असेल, पण हे काम केलेलं नाही. मी सुट्टीवर यायचो तेव्हा तुझी मामी विचारायची, पडदे कुठल्या रंगाचे घेऊ? मला सुचायचं नाही. धोक्याची ओढ होती म्हणून नाही. तिथं समोर एक वस्तू असते, एकच काम असतं, आणि ते मला येतं हे बरोबरच्या चौघांना ठाऊक असतं. घरी आल्यावर माझं काय अडलंय कुणाला, असं वाटायचं. तो माणूस तुझ्या जेम्ससारखा माजोरी असायची गरज नाही. एखादा गरीब, शिस्तीचा जवानही त्या बोळात तसाच उभा राहील.”

भाचीनं ते वहीत उतरवून घेतलं. संकलक म्हणून तिला एक वेगळीच गोष्ट दिसू लागली होती. सिनेमाचं ध्वनिसंयोजन पॉल ऑटोसन यांचं. दोन ऑस्कर ध्वनीचेच. बहुतेक वेळा आपण जेम्सच्या हेल्मेटमध्ये असतो, त्याचा श्वास आपला होतो. पण तो हेडसेट फेकतो, त्या क्षणानंतर सॅनबॉर्नच्या कानात काय उरतं? नुसती खरखर, आणि हाका मारून उत्तर न मिळणं. सॅनबॉर्न झालेल्या अँथनी मॅकीनं तो संताप चेहऱ्यावर आणला आहे. सिनेमा मात्र थोडा वेळ त्याच्यापाशी थांबून पुन्हा मोटारीच्या तारांकडे धावतो. मामा म्हणत होते ती ऐकणाऱ्याची बाजू सिनेमात आहे, पण तिला मिळालेली जागा कमी आहे.

“मुलांना हाच प्रसंग देते,” ती म्हणाली. “सगळा प्रसंग सॅनबॉर्नच्या बाजूनं पुन्हा जोडायचा. त्याला जे दिसतं, ऐकू येतं तेवढंच ठेवायचं. बघू, जेम्स तेव्हाही हिरो वाटतो का ते.”

“मी येऊ का त्या दिवशी?”

“तुम्ही यायलाच हवं. फक्त दर दोन मिनिटांना सिनेमा थांबवून चुका सांगत बसू नका.”

“एकदाच थांबवीन,” मामा म्हणाले, “हेडसेट काढतो तिथं. आणि त्या इंग्रज अर्लच्या सचिवबाईंची गोष्ट पोरांना आधी सांग. त्याशिवाय त्या ठोशाचं कारण त्यांना कळायचं नाही.”

भाचीनं मॉर्डनचं नाव वहीत लिहिलं, आणि सुपरमार्केटच्या प्रसंगावर वर्गात काय बोलायचं हे ठरवण्यासाठी तो सुरुवातीपासून पुन्हा लावला.